आवाज वाढला की सुधारला?



गेल्या दिवाळीत माझा भाचा एक डबी घेऊन घरी आला. साबणाच्या वडीएवढी, काळी, पुढे एक गोल नॉब आणि हेडफोनसाठी एक जॅक. म्हणाला, "मामा, हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर आहे. साडेतीन हजारांना पडला. ऐकून सांगा, पैसे पाण्यात गेले का?" माझी तीसेक वर्षं ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेली, त्यामुळे नात्यात कुठेही असली वस्तू आली की ती फिरत फिरत माझ्याच पुढ्यात येते. मी हेडफोन चढवला, नेहमीचं ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावलं, पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि मोठ्या रुबाबात निकाल दिला. तंबोऱ्याची जवारी खुलली आहे, डग्ग्याला अंग आलं आहे, वस्तू चांगली आहे. भाचा खूश होऊन फराळाला बसला.

रात्री सवयीने मल्टिमीटर काढला आणि लाजलो. मी नॉब जिथे ठेवला होता, तिथे ती डबी मोबाइलपेक्षा जवळजवळ दोन डेसिबल मोठा आवाज देत होती. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला दिलेलं प्रशस्तिपत्र मला खरं तर नॉबला द्यायला हवं होतं.

अशी चूक कानाकडून सहज होते. आवाज दुप्पट झाला तर कोणीही सांगेल की मोठा झाला. पण एक-दोन डेसिबलने वाढला तर 'मोठा झाला' असं वाटतच नाही. 'स्पष्ट झाला', 'भरदार झाला', 'गाणारी पुढे येऊन बसली' असं वाटतं. त्यात आणखी एक गोम आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतून याचे आलेखच प्रसिद्ध केले. आवाज थोडा वाढवला की खर्ज त्या मानाने जास्त वर येतो आणि आपण म्हणतो, डग्गा काय सुरेख वाजतोय! दुकानदारांना आलेख ठाऊक नसतील, पण नॉब कुठे ठेवावा हे बरोबर ठाऊक असतं.

म्हणून स्वस्त असो वा महाग, अ‍ॅम्प्लिफायर पारखायचा तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करायचा. कानाने केलेला सारखेपणा पुरत नाही, मीटर लागतो. इथे एक व्यवहारातली अडचण सांगतो. अडीचशे-तीनशे रुपयांचा जो पिवळा मल्टिमीटर सगळीकडे मिळतो, त्यावर एसी व्होल्टेजसाठी बहुधा दोनच घरं असतात. एक २०० व्होल्टचं आणि दुसरं ६०० किंवा ७५०चं. घरातला वीजपुरवठा मोजायला ते ठीक, पण हेडफोनला आपण अर्धा व्होल्टसुद्धा देत नसतो. तेव्हा एसीसाठी २ व्होल्टचं घर असलेला मीटर घ्या, किंवा कोणाकडून मागून आणा.

मोबाइलवर ६० हर्ट्‌झचा एकसुरी स्वर लावायचा. असे स्वर वाजवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. साधे मीटर कमी कंपनसंख्येलाच भरवशाचे असतात, म्हणून ६०. एक जुनी ऑडिओ वायर घेऊन तिचं एक टोक सोला. पिनेचं टोक म्हणजे डावा कान, मधलं कडं म्हणजे उजवा आणि मुळाकडचा भाग दोघांचा सामाईक. टोक आणि मूळ यांच्यामधलं व्होल्टेज आधी थेट मोबाइलचं मोजायचं, मग त्याच मोबाइलला अ‍ॅम्प्लिफायर जोडून त्याच्या पिनेवरचं. मोबाइलच्या आवाजाला हात लावायचा नाही. त्याच्या पायऱ्या फार मोठ्या असतात. फिरवायचा तो डबीचा नॉब, आणि आकडे शंभरात एकाच्या फरकाने जुळेपर्यंत फिरवायचा. अर्धा व्होल्ट असेल तर पाच मिलिव्होल्टची सूट.

आता कोणती पिन कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. भाच्याला माझ्या पाठीमागे बसवलं. प्रत्येक खेपेला त्याने छापा-काटा करायचा, त्याप्रमाणे पिन लावायची आणि वहीत लिहून ठेवायचं. मी फक्त 'मोबाइल' किंवा 'डबी' एवढंच म्हणायचं. दहा खेपा झाल्या. दुपारी जवारी खुललेली ऐकणारा हा कानसेन रात्री दहापैकी सहा वेळा बरोबर आला. नुसता अंदाज करणाराही शंभरात सतरा वेळा दहापैकी सात किंवा जास्त बरोबर सांगून जातो, तेव्हा सहाची पत ती काय? आठ आले असते तर मी कान टवकारले असते, आणि नऊ आले असते तर मान्य केलं असतं की फरक आहे.

मग काय सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच? तसं मी म्हणणार नाही. वाईट डब्या असतात. पण त्यांचा वाईटपणा 'गोडवा', 'पोत', 'श्वास' अशा शब्दांत सापडत नाही. तो तीन-चार ठरलेल्या जागी सापडतो.

पहिली जागा शांततेची. रात्री पंखा बंद करा, काहीही न वाजवता नॉब नेहमीच्या जागी ठेवा आणि घरातला सगळ्यात नाजूक, कानात घालायचा इअरफोन लावून ऐका. 'शूं' असा आवाज येतोय का? नॉब पूर्ण फिरवून येणारी शूं धरू नका, तिथे कोणी गाणं ऐकत नाही. आता डबी लॅपटॉपला जोडलेली असेल तर लॅपटॉपचा चार्जर लावा. आपल्याकडे कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असतं. चार्जर लावला की 'घूं' सुरू होते, काढला की बंद होते. असं झालं तर दोष डबीचा असेलच असं नाही, पण चार्जर लावूनच तुम्ही रोज ऐकणार असाल तर तुमच्यापुरती ती डबी निकामी. परत करा.

दुसरी जागा नॉबची. स्वस्त डबीत डाव्या-उजव्या कानांसाठी एकाच दांड्यावर दोन पट्ट्या असतात आणि अगदी सुरुवातीला त्या सारख्या चालत नाहीत. एखादं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा आणि नॉब शून्यापासून अगदी हळू फिरवा. गाणाऱ्याचा आवाज दोन भुवयांच्या मधोमध बसला पाहिजे. तो एका कानाकडे सरकत असेल तर बघायचं, की किती फिरवल्यावर मध्यभागी येतो. तुमची ऐकायची जागा त्याच्या पुढे असेल तर चालेल. गेनचं बटण असेल तर ते कमीवर ठेवा, म्हणजे नॉब आपोआप पुढे जाईल. फिरवताना खरखर ऐकू आली तर पट्टी खराब आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेली गाणी शूं पारखायला कुचकामी, कारण तबकडीची स्वतःचीच खरखर त्यांच्यात असते. पण भुवयांच्या मधल्या या परीक्षेला त्यांच्यासारखं साधन नाही.

तिसरी जागा जरा खोलातली आहे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत स्वतःचा थोडा विरोध असतो, त्याला आउटपुट इम्पीडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या विरोधाच्या मानाने फार कमी हवा, आठव्या हिश्शाहून कमी असा एक ढोबळ नियम आहे. हेडफोनवर ३२ ओहम लिहिलेलं असलं तरी तो आकडा प्रत्येक स्वराला तोच राहत नाही. कितीतरी हेडफोनांत खर्जाच्या जवळ तो चढतो. समजा तिथे तो ६४ झाला आणि अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध ३० आहे, तर खर्ज बाकीच्या आवाजापेक्षा सुमारे अडीच डेसिबल फुगतो. काहींना ते आवडतंही. पण मग तुम्ही ऐकता तो डग्गा तबलजीचा राहत नाही.

हे घरी मोजता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ३३ ओहमचा रेझिस्टर रुपया-दोन रुपयांना मिळतो. तोच ६० हर्ट्‌झचा स्वर लावून आधी मोकळ्या पिनेवर ०.५० व्होल्ट येईल असा नॉब ठेवा. मग रेझिस्टर टोक आणि मूळ यांच्यामध्ये लावा आणि पुन्हा बघा. भाच्याच्या डबीवर ०.४९ आलं, म्हणजे आतला विरोध एका ओहमच्याही आत. हौसेने तोच रेझिस्टर मी माझ्या जुन्या स्टीरिओ डेकला लावला. ०.५०चं एकदम ०.२६ झालं! जवळजवळ निम्मं, म्हणजे आतला विरोध जवळजवळ रेझिस्टरएवढाच, ३० ओहम. इतकी वर्षं त्या डेकच्या 'भरदार' आवाजाचं मी कौतुक करत होतो, ते कशाचं होतं ते त्या रात्री समजलं.

मीटर हातात आहेच तर डीसीवर ठेवून, काही न वाजवता, पिनेवर किती व्होल्टेज येतं तेही बघून घ्या. काही मिलिव्होल्ट चालतात. पन्नासच्या वर गेलं तर आपला हेडफोन त्याला लावू नका.

बाकी जाहिरातींत जे असतं ते भराभर सांगतो. डबीवर सोनेरी चकती आणि १९२ किलोहर्ट्‌झचा आकडा असतो. तरण्या माणसाचा कान २० किलोहर्ट्‌झपर्यंत जातो, माझ्या वयाचा त्याच्या बराच अलीकडे थांबतो. तुम्ही हे भाषण मध्यम लहरींवर ऐकत असाल, तर पाच किलोहर्ट्‌झच्या वरचं जवळजवळ सगळं वाटेतच गळलेलं आहे, माझे 'स' आणि 'श' अर्धेमुर्धे पोचताहेत, तरी आपला संवाद चालू आहे. दुसरं, शंभर तास वाजवून यंत्र मुरू द्या म्हणतात. यंत्र म्हणजे काय कैरीचं लोणचं आहे? मुरतो तो आपला कान.

स्वस्तात चांगला अ‍ॅम्प्लिफायर होतो याचा पुरावा जुना आहे. २०११ साली एका अभियंत्याने 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने 'ओ-टू' नावाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि काही रुपयांत मिळणाऱ्या साध्या चिप. सोबत त्याने ब्लॉगवर प्रत्येक गोष्ट मोजून दाखवली. महागड्या यंत्रांच्या बाजारात तेव्हा बरीच आदळआपट झाली. पुढच्याच वर्षी तो गृहस्थ लिहायचा थांबला. पण त्याच्यानंतर स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर विकणाऱ्यांना मोजमापं दाखवल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही, आणि हा फायदा तुमच्या-माझ्यापर्यंत पोचला आहे.

आता मूळ प्रश्न. तुम्हाला अ‍ॅम्प्लिफायर हवा आहे का? तुमच्या हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे बघा. ३२ ओहम आणि एका मिलिवॅटला १०० डेसिबल असं काही असेल, तर त्याला दणदणीत वाजायला ०.१८ व्होल्ट पुरतात. मोबाइलचा नखाएवढा जोड-अडॅप्टरसुद्धा त्याच्या कितीतरी पट देतो. तिथे डबी घेणं म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण. उलट, सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. सिनेसंगीतापुरतं त्याचंही मोबाइलवर भागतं, कारण ते मुळातच मोठ्या पातळीवर भरलेलं असतं. पण विलंबित ख्यालात ध्वनिमुद्रकाने द्रुत तानांसाठी आणि तबल्याच्या थापेसाठी वर जागा राखलेली असते, सरासरी आवाज वीस-वीस डेसिबल खाली असतो. तिथे मोबाइल पूर्ण वाढवूनही हात तोकडा पडतो. माझ्याकडे ३०० ओहमची एक जोडी आहे. तिच्यावर भाच्याच्या डबीने खरोखर काम केलं, आणि ते कळायला छापा-काटा लागला नाही.

ही ताकद हाती आली की एक सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ठीक, ९० डेसिबलला फक्त चार. अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला हेडफोन ९०च्या पुढे केव्हा गेला ते कळतही नाही.

शेवटी व्यवहार असा झाला. भाच्याचा हेडफोन ३२ ओहमचा, त्याला डबीचा काडीचा उपयोग नव्हता. मी त्याला साडेतीन हजार दिले आणि डबी ठेवून घेतली. त्या पैशांत थोडी भर घालून त्याने हेडफोन बदलला, आणि तो फरक मी पाठमोरा बसून, आवाज जुळवून, दहापैकी दहा वेळा ओळखला. तुमच्या घरी अशी डबी आली तर एवढं करा. हेडफोन डोक्यावर चढवायच्या आधी नॉब पूर्ण डावीकडे फिरवा, डबी सुरू करा, आणि मगच पिन लावा.