एल्बो किती दाब खातो?

विहिरीपासून मळ्यापर्यंत पाइपलाइन टाकताना आपण लांबी मोजतो, चढ मोजतो. एल्बो मात्र नुसते नगावर आणतो. वळणावर पाण्यात भोवरे होतात आणि दाब तिथंच खर्ची पडतो. ढोबळ हिशेब असा: एक काटकोनी एल्बो म्हणजे व्यासाच्या सुमारे ३० पट सरळ पाइप. आतला व्यास ७५ मिलिमीटर असेल तर सव्वादोन मीटर. असे १० एल्बो लावलेत? साडेबावीस मीटर पाइप वाढला म्हणा! पूर्ण उघडलेला गेट व्हॉल्व्ह त्या मानानं गरीब, जेमतेम अर्धा-पाऊण मीटर. ग्लोब व्हॉल्व्ह मात्र तब्बल २५ मीटर. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की हे नुकसान चौपट होतं. तेव्हा मोठी मोटार घेण्याआधी लाइनवरचे एल्बो मोजा. जमेल तिथं लांब वळणाचा बेंड बसवा.