तक्ता पाठ, तरी क्रियापद चूक

ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. सिंग, सँग, संग. शाळेत हा तक्ता घोकताना आपल्यापैकी बहुतेकांच्या नाकी नऊ आलेले आहेत. नेदरलँड्समधल्या मुलाला मात्र तो परका वाटत नाही. त्याच्या घरातच ड्रिंकन, ड्रोंक, खेड्रोंकन चालू असतं. डच आणि इंग्रजी दोन्ही पश्चिम जर्मानिक कुळातल्या. मधला स्वर बदलून भूतकाळ करायची रीत दोघींना एकाच आजोळाहून मिळालेली. त्यात १९८६पासून तिथल्या प्राथमिक शाळांत इंग्रजी सक्तीचं आहे, आणि टीव्हीवरच्या बहुतेक इंग्रजी मालिका डब न करता डच सबटायटल्ससह दाखवतात. रूपं ऐकून ऐकूनच तोंडात बसतात.

घोडं अडतं ते पुढे. रूप ठाऊक असतं. ते कधी वापरायचं, तिथे गफलत होते. काल त्याला पाहिलं, हे डच माणूस बोलताना सहसा असं सांगतो : इक हेब हेम खिस्टरन खेझीन. शब्दाला शब्द लावला की होतं, ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’. क्रियापदाचं रूप अगदी बरोबर, वाक्य मात्र चूक. ‘यस्टरडे’ आलं की इंग्रजीला ‘सॉ’च हवं. उलट, दहा वर्षं इथे राहतोय, हे तो आपल्यासारखंच वर्तमानकाळात सांगतो, आणि नेमकं तिथे इंग्रजी ‘हॅव’ मागते.

चालू काळाची तऱ्हा आणखी वेगळी. ‘इक झिट ते लेझन’ म्हणजे वाचत बसलोय. ‘इक स्टा ते वाख्टन’ म्हणजे वाट बघत उभा आहे. मराठी कानाला हे किती ओळखीचं! इंग्रजीत ते बसणं-उभं राहणं सहसा गळून पडतं. उरतं ‘आय ॲम रीडिंग’. पण डचमध्ये नुसतं ‘इक लेस’, वाचतो, एवढ्यावरही भागतं. म्हणून फोनवर ‘काय करतोयस?’ विचारलं, की उत्तर येतं, ‘आय रीड अ बुक’. ऐकणारा इंग्रज बुचकळ्यात पडतो : हा आत्ताचं सांगतोय की रोजचं?

या अडखळण्यातून मोठं कामही उभं राहिलं. परक्याला जिथे ठेच लागते तिथला नियम त्याला शोधून काढावाच लागतो. हेंड्रिक पाउट्स्मा या डच व्याकरणकारांनी मुख्यतः डच विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचं भलंमोठं व्याकरण लिहिलं. त्याचे खंड १९०४ ते १९२९ या काळात ग्रोनिंगनहून निघाले. पुढे १९४५ साली झांटफोर्ट या दुसऱ्या डच अभ्यासकांचं आटोपशीर इंग्रजी व्याकरण आलं, आणि ते नेदरलँड्सबाहेरही वापरलं गेलं.

आपल्याला यातून घेण्यासारखं एवढंच : इंग्रजी क्रियापद एकटं पाठ करू नये. ‘काल’, ‘आत्ता’, ‘रोज’, ‘दहा वर्षं’ या शब्दांना जोडूनच ते शिकावं. तीन रूपांचा तक्ता डच मुलाला जवळजवळ फुकट मिळतो. हा दुसरा तक्ता त्यालाही कष्टानेच मिळवावा लागतो.