कवी आणि नाणे



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांचा नाणेसंग्रह आता शाळेच्या स्वाधीन झाला आहे. त्यातील एक लहानसा कप्पा कवींच्या स्मारकनाण्यांचा आहे. ती नाणी विकून शिष्यवृत्ती ठेवावी असे एक मत माझ्या कानी आले; ती कपाटात कुलूपबंद करून जपावीत असे दुसरे. दोन्ही मते सद्भावनेची आहेत, पण मला ती पटत नाहीत. का पटत नाहीत, हेच आज मांडणार आहे.

स्वतंत्र भारतात स्मारकनाण्यांची प्रथा 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या नाण्याने सुरू झाली. कवींची पाळी बरीच उशिरा आली. 1995 मध्ये तंजावर येथे आठवी जागतिक तमिळ परिषद भरली, तेव्हा तिरुवळ्ळुवरांची नाणी निघाली. तंजावर ही भोसल्यांचीही राजधानी, त्यामुळे मराठी माणसाने त्या नाण्याकडे परकेपणाने पाहू नये. 1998 मध्ये श्रीअरविंदांचे दोन रुपयांचे नाणे आले. ते तर आपल्या गावाचेच. 1893 ते 1906 ही त्यांची वर्षे बडोद्यात गेली आणि बडोदा कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. लोक त्यांना योगी म्हणून ओळखतात, पण ‘सावित्री’ हे महाकाव्य लिहिणाऱ्या पुरुषाला या कप्प्यातून वगळण्याचे कारण नाही. 2011 मध्ये रवींद्रनाथांच्या सार्धशताब्दीचे दीडशे रुपयांचे नाणे निघाले. ते पस्तीस ग्रॅम वजनाचे आणि निम्म्या चांदीचे. असे नाणे बाजारात कोणी खर्चीत नाही. ते टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करून संग्राहकाने घ्यावयाचे.

आपल्या जिव्हाळ्याची नाणी मात्र दोन. 1999 चा ज्ञानेश्वरांचा रुपया आणि 2002 चे तुकोबांचे दोन रुपये. पहिले स्टेनलेस स्टीलचे, पाच ग्रॅमही न भरणारे. दुसरे तांबे-निकेलचे, अकरा कडांचे. ही दोन्ही नाणी हातोहात फिरली. भाजीवाल्याच्या गल्ल्यात ज्ञानदेव पडले आणि बसकंडक्टरच्या चामडी पिशवीत तुकोबा खुळखुळले. मला हे फार शोभून दिसते. ज्ञानदेवांनी गीतार्थ संस्कृतातून देशीत आणला, तो सर्वांच्या हाती पडावा म्हणूनच ना? आणि तुकोबा तर वाणी, महाजनकी असलेल्या घरातले. घरच्या कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. शिवरायांचा नजराणा त्यांनी परत पाठविल्याची कथाही प्रसिद्धच आहे. अशा माणसाचे नाव द्रव्यावरच छापले गेले! कोणास हा विसंगतीचा कळस वाटेल. परंतु त्यांच्या अभंगांत भांडवल, लाभ, व्यापार हे शब्द किती सहजतेने येतात, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. बाजाराची भाषा त्यांनी टाकली नाही, तिचा अर्थ पालटला.

माझी एक तक्रार आहे. या दोन्ही संतांचे समकालीन चित्र उपलब्ध नाही. नाण्यावरची मुद्रा ही उत्तरकालीन कल्पनाच. इंग्लंडमध्ये 2016 साली शेक्सपिअरच्या स्मृतीची दोन पौंडांची तीन नाणी निघाली. त्यांवर विदूषकाची टोपी, मुकुट व खंजीर, कवटी व गुलाब अशी चिन्हे आहेत; कवीचा चेहरा नाहीच. 2009 च्या रॉबर्ट बर्न्सच्या नाण्यावर त्याच्या हस्ताक्षरातील ओळ उमटविली. देहूच्या मंदिरात तुकोबांच्या हातची मानली जाणारी ‘भिजकी वही’ आहे. तिच्यातील चार अक्षरे नाण्यावर आली असती, तर कल्पित चेहऱ्यापेक्षा ती अधिक बोलली असती.

आता मूळ प्रश्न. ज्ञानेश्वरांचा रुपया आजही कायद्याने रुपयाच आहे आणि वापरून झिजलेल्या रुपयाला व्यापारी फारसे काही देत नाहीत. ‘दुर्मीळ’ म्हणून हजारोंच्या गोष्टी सांगणाऱ्यांपासून सावध असावे. संच विकून शिष्यवृत्ती उभी राहणार नाही. गुरुजींची चिकाटी तेवढी कवडीमोलाने जाईल. कुलूपबंद ठेवावीत, तर ज्यांच्यासाठी ती जमविली ती मुले फक्त काच पाहणार.

या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी मराठी आता केवळ आजीशी बोलण्यापुरती उरली आहे. ज्या नगरीत चंद्रशेखरांसारखे राजकवी नांदले, माधव जूलियन जन्मले, ज्या संस्थानाने 1906 मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले, तिथली ही स्थिती आहे. चंद्रशेखरांचे वा माधव जूलियनांचे नाणे निघालेले नाही. ती रिकामी जागा मुलांना दिसावी, म्हणूनही हा कप्पा उघडा हवा.

माझी सूचना साधी आहे. चांदीचे नाणे डबीतच राहू द्यावे. ज्ञानदेव, तुकोबा आणि श्रीअरविंद मात्र मुलांच्या तळहातावर ठेवावेत. नाणे कडेने धरावयाचे, बोटांचे ठसे त्याच्या अंगावर उमटू द्यावयाचे नाहीत आणि चिंच किंवा राखेने ते कधीही घासावयाचे नाही, एवढे आधी शिकवावे. घासलेले नाणे चकाकते, पण संग्राहकाच्या लेखी ते संपते. मग भिंग द्यावे. सालाखाली ठिपका असेल तर नाणे नोएडाचे, चौकटीसारखे चिन्ह असेल तर मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे. मुले हे आवडीने शोधतात. आणि टांकसाळ ओळखणाऱ्याने त्या कवीची एक रचना पाठ म्हणून दाखवावी, तेव्हाच पुढचे नाणे त्याच्या हाती यावे.

पहिला तास सातवीचा घ्यावा. गुरुजी सातवीलाच मराठी शिकवीत असत.