पाच स्टारची गाडी आणि मागचा बेल्ट

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. विषय माझ्या आवडीचा, गाड्या. ‘दादा, कोणती घेऊ?’ असे मेसेज इतके येतात की म्हटलं, आपली मतं एकदाच सांगून टाकू. पटली नाहीत तर कमेंटमध्ये भांडा, मजा येईल.

मत पहिलं. आपल्या गाड्यांचं डिझाइन डिझायनरनं जेवढं केलंय, तेवढंच टॅक्सच्या नियमानंही केलंय. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्यूटी कमी झाली. छोटी म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. झालं, कंपन्या टेप घेऊनच बसल्या. पहिली स्विफ्ट डिझायर ४ मीटरपेक्षा लांब होती. २०१२ ची नवी आली ती डिकी कापून, ३९९५ मिलिमीटर! ब्रेझा बघा, तीही ३९९५. पुढं जीएसटी आला, पण ही रेषा तिथंच राहिली. सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेल गाडी त्या रेषेच्या आत असेल तर १८ टक्के, बाहेर असेल तर ४०. पाच सेंटीमीटरनं एवढा फरक पडत असेल तर कोण कशाला गाडी लांब करेल?

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे जो आकडा मॅनेजरच्या डॅशबोर्डवर दिसतो, तोच टीम सुधारते. बाकीचं बॅकलॉगमध्ये. गाड्यांचंही अगदी तसंच आहे. जे मोजलं जातं, ते सुधारतं.

मत दुसरं, आणि हे चांगलं आहे. सेफ्टी मोजायला लागल्यावर सेफ्टी सुधारली. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच गाड्या आदळून बघितल्या. सगळी बेस मॉडेल्स, एकातही एअरबॅग नाही. पाचही गाड्यांना शून्य स्टार! मग डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप सुरू झालं. आता शोरूममध्ये काकासुद्धा मायलेजच्या आधी ‘स्टार किती?’ विचारतात. मला हे जाम आवडतं.

पण आजचा एपिसोड खरं तर तिसऱ्या मतासाठी आहे. हे स्टार कुणाला मिळतात, माहितीये? बेल्ट लावलेल्या डमीला. टेस्टमध्ये गाडी ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर आदळते, पुढं बसलेल्या डमींनी बेल्ट लावलेला असतो आणि मागं लहान मुलांच्या डमी चाइल्ड सीटमध्ये असतात. आता आपली गाडी आठवा. मागं आजी, काकू, मांडीवर बाळ, मध्ये फराळाची पिशवी. आणि बेल्टचं बकल? ते सीट कव्हरच्या खाली गाडलेलं. गाडी घेतल्याच्या दिवशी ॲक्सेसरीवाल्यानं झाकलं, ते आजपर्यंत कुणी बाहेर काढलेलं नाही. पाच स्टारचे पैसे मोजले, पण मागच्या सीटसाठी ते स्टार आपणच काढून टाकले.

थोडं फिजिक्स, घाबरू नका. ताशी ५० किलोमीटरनं चाललेली गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर बेल्ट नसलेला माणूस त्याच ५० च्या वेगानं पुढं जातो. तो वेग म्हणजे जवळपास १० मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येतो तेवढा. तिसऱ्या मजल्याची बाल्कनी समजा. मांडीवरचं बाळ कुणी कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो, म्हणजे बेल्ट लावलेल्या ड्रायव्हरलाही धोका.

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, आठवत असेल. गाडी महागडी, सगळ्या सोयींची. ते मागं बसले होते, बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळे मागच्या बेल्टवर बोलले. मग विसरले.

मागं बसणाऱ्यांनाही बेल्ट कायद्यानं सक्तीचा आहे. पण कायद्याचं आपण काय करतो बघा. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या बेल्टसाठी बीप सक्तीची झाली. तर लोकांनी ती बीप बंद करायला नुसती क्लिप विकत घेतली! बकलमध्ये खोचायची, गाडीला वाटतं बेल्ट लावला. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांना ही विक्री थांबवायला सांगितलं, तेव्हा अशा १३ हजारांवर लिस्टिंग्ज काढाव्या लागल्या. म्हणजे जीव वाचवणारा अलार्म आपल्याला त्रास वाटतो आणि फाटक्या सायलेन्सरचा आवाज म्हणजे पॅशन.

म्हणून माझं सरळ मत आहे. अलॉय बदला, रॅप करा, लाइट्स लावा, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्या गाडीत मागची तिन्ही बकल्स सापडत नाहीत, त्यानं स्वतःला कारवेडा म्हणवून घेऊ नये.

या रविवारी एवढंच करा. सीट कव्हर उचला, बकल्स बाहेर काढा. कव्हर बदलणार असाल तर पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग आहे का ते आधी बघा, साधं कव्हर तिला अडवू शकतं. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गरोदर बाईंनी तो पोटाच्या खालून घ्यायचा. बाळासाठी चाइल्ड सीट घ्या, ती सनरूफच्या व्हेरियंटपेक्षा खूप स्वस्त पडते.

आणि आजी ऐकत नसेल तर सांगा, ‘आजी, नवीन गाडी आहे, मागचा बेल्ट लावल्याशिवाय सुरूच होत नाही.’ थाप आहे, पण चालते. आमच्याकडे चालली.

तुमच्या गाडीत किती बकल्स सापडली ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. गाडी जपून चालवा!