या आठवड्यात काय पाहिलं? किती गुण दिले?

आंबेगाव तालुक्यातल्या लोणी गावातून आम्ही बचत गटाच्या बायका तुमच्याशी बोलतोय. बचत गट म्हटल्यावर कर्ज, व्याज, हप्ता, शेळीपालन असंच काहीतरी ऐकायला मिळणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आजचा आमचा विषय सिनेमा आहे.

बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला ठाऊक आहेच. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. आमची बैठक दर आठवड्याला होते. पैसे मोजून, वह्या लिहून होईपर्यंत बाकीच्या नुसत्या बसून असतात. मग कुणी मोबाईलवर काय पाहिलं, टीव्हीवर काय लागलं होतं, याच्या गप्पा निघतात. त्या गप्पांना आम्ही जरा वळण लावलं. आठवड्यात पाहिलेल्या सिनेमाला प्रत्येकीनं 10 पैकी गुण द्यायचे आणि कारणही सांगायचं. नुसतं "छान होता" म्हणून सुटका नाही.

गुण द्यायची रीत सांगतो. आमच्यातल्या सगळ्यांना लिहिता येत नाही. म्हणून प्रत्येकीला 10 शेंगदाणे मोजून देतो. जितके गुण द्यायचे तितके दाणे मुठीत धरायचे, उरलेले पदरात ठेवायचे. मग एक, दोन, तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम मूठ उघडायची. त्यामुळे शेजारणीचं बघून गुण देता येत नाहीत. त्यानंतर एकेकीनं बोलायचं. वयानं सगळ्यात लहान ती आधी बोलते, अध्यक्ष आणि सचिव सगळ्यात शेवटी. अध्यक्षताई पहिल्यांदा "आठ" म्हणाल्या तर सगळं रिंगण "आठ"च म्हणतं, हे आम्हाला ठाऊक आहे. बोलून झालं की दाणे खाऊन टाकायचे.

कुणी म्हणेल, यात काय मोठंसं? आमच्या सासवा सांगतात, त्यांच्या वेळी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. जमिनीवर बसून बघायचा. पण कुठला बघायचा आणि मुळात जायचं की नाही, हे घरातले पुरुष ठरवायचे. नारायणगाव आमच्यापासून फार लांब नाही. विठाबाई नारायणगावकरांचं नाव साऱ्या महाराष्ट्रात झालं, त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पण आमच्या सासवांतल्या एकीनंही त्यांना फडावर पाहिलेलं नाही. पुरुष बघून यायचे आणि सांगायचे, तेवढंच त्यांच्या कानावर पडायचं. आता घरोघरी मोबाईल आला, तरी तो बहुतेक वेळ मुलाच्या नाहीतर मालकाच्या हातात असतो. दुपारची भांडी झाली की अर्धा तास, रात्री झाकपाक झाली की अर्धा तास, असा तुकड्या-तुकड्यानं आमचा सिनेमा आठवडाभर चालतो. इतक्या खटपटीनं पाहिलेल्या गोष्टीवर आपलं म्हणणं सांगायला जागा नको का?

आता या आठवड्याचे सिनेमे सांगतो.

पहिला 'माहेरची साडी'. 1991 सालचा, विजय कोंडके यांचा, अलका कुबल यांचं काम. मुठी उघडल्या तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या हातात नऊ-दहा दाणे आणि नव्या सुनांच्या हातात तीन-चार. मग जुंपली. एक सून म्हणाली, "एवढा छळ होतो, तर लक्ष्मी उलट का बोलत नाही? रडून मरण्यात कसला मोठेपणा?" त्यावर एक आजी म्हणाल्या, "उलट बोलून जायचं कुठं, बाई? माहेरचं दार तर बापानंच लावून घेतलेलं." सगळ्या गप्प झाल्या. आजींनी आपले दहा कायम ठेवले, सुनेनं आपले तीन कायम ठेवले. दोघींचं म्हणणं वहीत लिहिलं. आम्ही सरासरी काढत नाही. दहा आणि तीनची सरासरी साडेसहा होते, पण साडेसहा गुण तर कुणीच दिले नव्हते!

दुसरा 'टिंग्या', आपल्याच मातीतला. 2008 साली आला. दिग्दर्शक मंगेश हाडवळे हे आपल्या जुन्नर तालुक्यातले. टिंग्याचं काम करणाऱ्या शरद गोयेकरला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात चितंग्या नावाचा बैल पडतो आणि कामातून जातो. हंगाम तोंडावर, डोक्यावर कर्ज. बाप त्याला खाटकाला विकायचं ठरवतो. पोरगं अडून बसतं. शेजारची नानी आजारी पडल्यावर तिला औषध देता, मग चितंग्याला का नाही, असं विचारतं. शेवट सांगत नाही, तुम्ही बघा.

इथं बहुतेकींचे गुण सात ते दहाच्या मधेच होते, पण ते कुणाला द्यायचे यावर वाद झाला. बहुतेकींनी पोराला दिले. दोघी म्हणाल्या, आमचे गुण बापाला. त्यातल्या एका ताईंच्या दावणीची बैलजोडी गेलेली आहे. त्या म्हणाल्या, "पोराला रडता येतं. बापाला रडायला वेळ नसतो. बैल उभा ठेवला तर पेरणी जाते आणि पेरणी गेली तर पोराच्या ताटात काय वाढायचं?" दुसरीनं आठवण करून दिली, की 2015 पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे. आज चितंग्या पडला तर विकायचा प्रश्न नाही. पण पाय मोडलेल्या बैलाला दुष्काळात वैरण कुठून आणायची, हा प्रश्न आहेच. आणि एका तरुण आईनं पाचच गुण दिले. तिचं कारण ऐका. त्यांचं घर उसाच्या कडेला आहे. रात्रीची लाईट आली की मालक पाणी द्यायला जातात आणि ते परत येईपर्यंत ही दाराशी कान लावून बसते. ती म्हणाली, "बिबट्या हा शब्द आला आणि माझं पुढच्या सिनेमात लक्षच लागलं नाही." तिचे पाचही आम्ही तसेच लिहिले. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आपल्या भागात उगाच नाही झालं. ज्याच्या वाट्याला जे येतं, त्यातूनच तो सिनेमा बघतो.

तिसरा हिंदी, 'लापता लेडीज'. 2024 सालचा, किरण राव यांचा. घुंगटामुळे रेल्वेत दोन नवऱ्या बदलतात. त्यातली फूल स्टेशनावरच राहते. तिला सासरच्या गावाचं नाव नीट सांगता येत नाही आणि नवऱ्याचं नाव घ्यायला ती लाजते. इथं आमच्यात हशा पिकला. गटाचा अर्ज भरताना नवऱ्याचं नाव विचारलं की आमच्याही काही मावश्या शेजारणीला कोपरानं ढोसतात, "तू सांग की!" फूलला मंजूमाई आपल्या टपरीवर ठेवून घेते, काम शिकवते आणि कामाचे पैसे हातात देते. मंजूमाईचं काम आपल्या मराठी छाया कदम यांनी केलंय. नवरा आणि मुलगा तिच्याच कमाईवर जगून तिलाच मारायचे, म्हणून तिनं दोघांना हाकललेलं असतं. एका काकूंनी दहाच्या दहा दाणे पुढं केले आणि म्हणाल्या, "हे सगळे मंजूमाईचे." जिनं सहा दिले तिचंही बरोबर होतं. तिचं म्हणणं, लाच खाणारा फौजदार शेवटी भला निघतो म्हणून जयाची सुटका होते. तो भला निघाला नसता तर?

आता हा खेळ आमच्या कामात कसा उतरला ते सांगतो. लहान आधी बोलेल, अध्यक्ष शेवटी, हा नेम आम्ही कर्जमागणीलाही लावला. एवढ्यातच एका सभासदाचा मोटारसायकलसाठी कर्ज मागणारा अर्ज आला. एरवी "सर्वानुमते मंजूर" लिहून अंगठे-सह्या झाल्या असत्या. या वेळी सगळ्यात लहान सुनेला आधी विचारलं. तिनं विचारलं, "हप्ता ताई भरणार, तर गाडी कुणाच्या नावावर होणार?" खोलीत शांतता पसरली. अर्ज करणारीला राग आला, साहजिक आहे. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी गाडी तिच्या नावावर व्हायची, या अटीवर कर्ज मंजूर झालं. सगळ्या खूश होत्या असं नाही. त्या आठवड्याला शेंगदाणेही तसेच राहिले. पण ठरावाखाली सही करताना आपण कशावर सही करतोय, हे प्रत्येकीला माहीत होतं.

तुमच्या गटात करून बघायचं असेल तर तीन गोष्टी सांभाळा. एक, कुणाच्याही गुणांना हसायचं नाही. दोन, कारण सांगितल्याशिवाय गुण धरायचे नाहीत. तीन, बैठकीतलं बोलणं घरी जाऊन सासूला किंवा सुनेला सांगायचं नाही. ही तिसरी पाळायला सगळ्यात अवघड आहे!

पुढच्या आठवड्यासाठी आम्ही 'उंबरठा' ठरवलाय. 1982 चा, जब्बार पटेल यांचा, स्मिता पाटील यांचं काम. घर, नवरा, लेक मागं ठेवून ती महिलाश्रम सांभाळायला जाते. ते बरोबर की चूक, यावर मुठी उघडायच्यात. तुम्हीही बघा, गुण ठरवा आणि कारणासकट आम्हाला कळवा. आमच्या गुणांशी तुमचे जुळले नाहीत, तर जरूर कळवा.

रामराम मंडळी.