आधी साध्या पाण्यावर सराव

मी सैन्यातला माणूस, शास्त्रज्ञ नाही. निवृत्तीनंतर बंगळूरूतल्या एका संशोधन संस्थेत काही वर्षं सुरक्षेचं काम पाहिलं. तिथे एक प्रश्न नेहमी यायचा. बाविशीतला मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा किरणोत्सारी द्रव्य हाताळणार आहे, तर आधी काय शिकवायचं?

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक समस्थानिकाचा स्वभाव वेगळा. डीएनएवर खूण करायला फॉस्फरस-३२ वापरतात. त्याला आडोसा सेंटीमीटरभर जाड अ‍ॅक्रिलिकचा. नवखा माणूस शिशाकडे धावतो, पण त्याचे वेगवान बीटा कण शिशावर आदळले की क्ष-किरण निघतात. आयोडीन-१२५ चं उलट. त्याला शिशाचा पातळ पत्रा पुरतो. पण त्याची वाफ होते आणि ते थायरॉइड ग्रंथीत साठतं, म्हणून काम फ्यूम हूडमध्येच.

तिसरं ट्रिटियम. त्याचे किरण इतके दुबळे की गायगर काउंटर गप्प राहतो, छातीवरचा टीएलडी बॅजही गप्प. पण ते पाण्याच्या रूपात शरीरात गेलं, तर आतून मारा करतं. नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं गेलं. पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेलं. कळलं कशावरून? लघवीच्या नेहमीच्या तपासणीवरून. कंटाळवाणी वाटणारी ही तपासणी कोणी टाळू नये, ते यासाठीच. आणि बॅजही ढाल नाही, तो हजेरीपट आहे. जे घडून गेलं तेवढंच तो सांगतो.

दुसरी गोष्ट सरावाची. जवानाच्या हाती खरी गोळी देण्याआधी आम्ही त्याच्याकडून रिकाम्या बंदुकीचा सराव करून घेतो. इथेही तेच. पाण्यात अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग मिसळायचा आणि पूर्ण प्रयोग त्या पाण्यावर करायला लावायचा. मग खोलीतले दिवे मालवायचे आणि अतिनील दिवा लावायचा. हातमोज्यावर ठिपके असतातच. पण ते चष्म्याच्या दांडीवर, दाराच्या मुठीवर, खिशातल्या मोबाइलवरही चमकतात. तासाभराच्या व्याख्यानाने जे होत नाही, ते या ठिपक्यांनी होतं. तीन-चार सरावांत हात साफ होतो. वेगही वाढतो, आणि द्रव्याजवळचा वेळ कमी झाला की डोसही कमी होतो.

तिसरी गोष्ट मोजदाद. फायरिंग रेंजवर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक कमी पडली तर सगळी तुकडी गवतात शोधत बसते. प्रयोगशाळेतही आलं किती, वापरलं किती, कचऱ्यात गेलं किती, हे वहीत जुळलंच पाहिजे. फॉस्फरस-३२ दर चौदा दिवसांनी निम्मं होतं. कचऱ्याच्या डब्यावर तारीख असेल तर साधारण पाच महिन्यांनी त्याचा हजारावा भाग उरतो, हे हिशेबाने कळतं. तारीख नसेल तर तो डबा कायमचा संशयित.

मोजदाद सुटली की काय होतं, ते दिल्लीत दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं कोबाल्ट-६० चं एक यंत्र १९८५ पासून पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेलं. मायापुरीच्या बाजारात ते तोडलं गेलं, माणसं आजारी पडली आणि एप्रिलमध्ये एक कामगार दगावला. कोबाल्ट-६० साधारण सव्वापाच वर्षांनी निम्मं होतं. म्हणजे पंचवीस वर्षांनी त्याचा थोडासाच भाग उरला होता. तेवढाही जीव घ्यायला पुरला. ज्याने प्राण गमावले, त्याने प्रयोगशाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं.

म्हणून प्रशिक्षण फक्त संशोधकांचं नको. झाडूवाल्या मावशी, भांडारपाल, लिलावाच्या कागदावर सही करणारा कारकून, या सगळ्यांना तीन पात्यांचं ते चिन्ह ओळखता आलं पाहिजे आणि ते दिसल्यावर कोणाला फोन करायचा हे ठाऊक हवं. तुमच्या घरातलं कोणी अशा प्रयोगशाळेत असेल, तर आज रात्री एवढंच विचारा: तुमच्याकडचा विकिरण सुरक्षा अधिकारी कोण, आणि त्याचा नंबर दारावर लावलाय का?

जय हिंद.