दोन घोट पाण्याची उपकारस्तुती

 

आज सकाळपासून तुम्ही किती पाणी प्यायलात? आठवत नाही ना? मलाही आठवत नसायचं. पण माझ्या धाकट्या भावाला ते नेमकं सांगता येतं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस, दर वेळी साधारण ४ तास. शरीरातलं जादा पाणी आपोआप बाहेर पडत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिवसाचं पाणी ठरवून दिलंय. सकाळी तो एक बाटली भरून ठेवतो. चहा, गोळ्या, तहान, सगळं त्या मापात.

मागच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो. भर दुपारी आल्या आल्या फ्रिज उघडला आणि अर्धी बाटली गटागटा संपवली. तो समोरच बसला होता. त्याने पेल्यात दोन घोट ओतले, डोळे मिटले, मनातल्या मनात काहीतरी म्हटलं आणि मग प्यायला.

मला राहवलं नाही. "अरे, एवढं सगळं झाल्यावर तू आभार कशाचे मानतोस?" खरं सांगतो, तो प्रश्न त्याला नव्हता, देवाला होता. आम्ही सगळ्यांनी गुडघे टेकले होते, उपास केले होते, तरी आजार होता तिथेच होता.

तो म्हणाला, "दादा, आजाराचे नाही मानत. या घोटाचे मानतो."

घरी येऊन मी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ उघडला. पौल कैदी आहे, त्याला रोमला नेत आहेत. जहाजावर २७६ माणसं. १४ दिवस वादळ, आणि कोणाच्या पोटात धड अन्न नाही. सगळे वाचतील असं वचन देवाने दिलंय, पण किनारा अजून लागलेला नाही. जहाज खडकांवर आपटेल अशी भीती आहे. अशा वेळी पहाटे पौल हातात भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि खाऊ लागतो. ते बघून बाकीच्यांनाही धीर येतो आणि तेही खातात.

पौलाने वादळाचे आभार मानले नाहीत. हातातल्या भाकरीचे मानले. थेस्सलनीकाकरांना तोच पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो. 'सर्व स्थितीत' म्हणजे दुःखाला सुख म्हणा, असं नाही. दुःखातही जे हातात आहे ते कोणी दिलं, हे विसरू नका, एवढंच.

म्हणून एक विनंती. दुःखात असलेल्या माणसाला "देवाचे आभार मान" असा उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा. रडायचं असेल तर रडू द्या. स्तोत्रसंहितेतही कितीतरी विलाप आहेत. आभार आपण स्वतः मानायचे.

या आठवड्यात एवढंच करून बघा. दिवसातल्या पहिल्या पेल्याआधी क्षणभर थांबा आणि त्या पाण्याबद्दलच आभार माना. "सगळ्यासाठी धन्यवाद प्रभू" असं घाईत उरकू नका. एकेका गोष्टीचं नाव घ्या. आणि ती गोष्ट ज्या माणसाच्या हातून आली, त्यालाही सांगा. माझा भाऊ डायलिसिस संपलं की सिस्टरना नावाने हाक मारून थँक्यू म्हणतो, मगच उठतो.

त्याला अजून किडनी मिळालेली नाही. आम्ही मागतोय, मागत राहू. पण आता मागण्याआधी आम्ही आभार मानतो.

चला, प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, आजच्या पाण्याबद्दल, आजच्या भाकरीबद्दल तुझे उपकार मानतो. जे अजून किनाऱ्याची वाट बघत आहेत, त्यांना धीर दे. येशूच्या नावात मागतो, आमेन.